पहाटे, एकट्यानं, शिखरावर: किती वाजता निघावं आणि कुठून मागे फिरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रुपबरोबर बरेच डोंगर झालेत, दम चांगला आहे, आता एकदा पहाटेच्या अंधारात एकट्यानं निघून शिखरावरून सूर्योदय बघायचाय. किती वाजता निघावं, बरोबर काय घ्यावं, आणि अंधाराची भीती वाटते तिचं काय करावं?

आधी भीतीचं उरकून घेतो, कारण ती तीनही प्रश्नांत सगळ्यात सोपी. अंधारात एकट्यानं चालताना पहिला अर्धा तास प्रत्येकाला कसंतरी होतं. इतकी वर्षं लोकांना डोंगरात नेतोय, तरी मलाही होतं. दिवसा डोळे जे काम करतात ते रात्री कान अंगावर घेतात, आणि कानांना आकाराचा अंदाज नसतो. वाळक्या पानांतून पळणारा उंदीर रानडुकराएवढा ऐकू येतो. सॅकचा पट्टा करकरतो, आपण दचकून थांबतो, थांबल्याबरोबर आवाजही थांबतो, आणि मग तर कोणीतरी मागावर आहे याची खात्रीच पटते. निघण्याआधी पट्टे आवळा, लोंबणाऱ्या वस्तू आत टाका, अर्धवट भरलेली बाटली डचमळत असेल तर कपड्यांत खोचून ठेवा. निम्मी भुतं गाडीपाशीच संपतात.

दुसरी गोष्ट चमकणाऱ्या डोळ्यांची. हेडटॉर्चच्या उजेडात गवतात हिरवट-निळसर ठिपके लुकलुकताना दिसतील. दव वाटतं. वाकून जवळून बघितलं की त्यातला एखादा ठिपका बाजूला सरकतो, आणि लक्षात येतं की तो शिकारी कोळी आहे, नखाएवढासुद्धा नसलेला. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच दिशेनं परत पाठवतो. टॉर्च कपाळावर, म्हणजे आपल्या डोळ्यांलगत असते म्हणून ती चमक आपल्याला दिसते. तीच टॉर्च हातात कमरेपाशी धरा, ठिपके बहुतेक नाहीसे होतात. मोठ्या जनावराचे डोळेही असेच चमकतात, फक्त जमिनीपासून वर आणि जोडीनं. तसं दिसलं तर थांबा, चढ्या पण शांत आवाजात बोला, त्याला निघून जायला वाट द्या. पळू नका. आणि कानात इअरफोन घालून चालू नका. तुम्हाला ऐकू येणं आणि तुमची चाहूल दुसऱ्याला लागणं, दोन्ही हवं. ज्या रानात खरोखर मोठी जनावरं आहेत तिथं मात्र हा बेतच करू नका. पहाट ही त्यांचीही फिरायची वेळ असते, आणि अशा ठिकाणी रात्री प्रवेशबंदी असेल तर ती उगाच नसते.

आता भीती बाळगायचीच असेल तर ती सूर्योदयाची बाळगा. मी हे गमतीनं म्हणत नाही. सूर्योदयाची वेळ तुमच्यासाठी थांबत नाही. घरून निघायला वीस मिनिटं उशीर झाला, वाटेत एकदा चुकलात, बुटाची नाडी दोनदा बांधावी लागली, की उरलेल्या चढावर तुम्ही ती वेळ भरून काढायला बघता. दमछाक करत, घामाघूम होत, जिथं हात टेकून जायला हवं तिथं नुसत्या पायांवर. ग्रुपमध्ये असं होत नाही, कारण कोणाचा तरी गुडघा दुखत असतो, कोणीतरी जांभया देत असतं आणि कोणीतरी म्हणतंच, "बसू या दहा मिनिटं." एकट्या माणसाशी वाद घालायला कोणी नसतं, त्यामुळे त्याचा प्रत्येक ठराव एकमतानं मंजूर होतो. त्यात पहाटे ३ ते ५ हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. शरीराचं तापमान तेव्हा तळाशी असतं, सावधपणा कमी असतो, आणि गजर लावून उठल्यावर डोक्यातली गुंगी उतरायला अर्धा तास सहज लागतो. अशा डोक्यानं, अशा वेळी, एकट्यानं मोठे निर्णय घ्यायचे नसतात.

म्हणून निर्णय घरी घ्यायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी, पोटभर जेवून, दिव्याच्या उजेडात. आणि लिहून खिशात ठेवायचे. पहिला: किती वाजता, जिथं असेन तिथून, मागे फिरायचं. दुसरा: काय दिसलं तर वेळ न बघता मागे फिरायचं. माझ्या कागदावर दाट धुकं, ओला कातळ, गडगडाट, दोनपैकी एक टॉर्च बंद पडणं आणि पाय मुरगळणं एवढ्या गोष्टी असतात. तिसरा: ठरलेली वाट सोडून दुसरी धरायची नाही, ती कितीही सोपी दिसली तरी. हे बालिश वाटेल. पण वर गेल्यावर तुमच्याशी वाद घालणारा एकमेव माणूस म्हणजे आदल्या संध्याकाळचे तुम्ही. त्याचं म्हणणं लेखी असलेलं बरं.

डोंगर कोणता निवडायचा, यात माझा एकच आग्रह: जो तुम्ही दिवसाउजेडी चढून उतरला आहात तोच, आणि शक्यतो त्याच महिन्याच्या आसपास. उतरला आहात हा शब्द महत्त्वाचा. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा, सगळ्या धारा एकाच ठिकाणी, शिखराकडे येतात; थोडं इकडेतिकडे झालं तरी वर जात राहिलं की पोचता येतं. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात. माथ्याजवळ वीस पावलांची चूक खाली गेल्यावर दोन वेगवेगळ्या दऱ्यांची होते. पहाटे चढणाऱ्याची तर आणखी एक पंचाईत असते. वर जाताना त्यानं वाट पाहिलेलीच नसते, फक्त टॉर्चच्या गोलात आलेले दगड पाहिलेले असतात. उजाडल्यावर तो खाली निघतो तेव्हा समोर संपूर्ण अनोळखी डोंगर असतो. यावर उपाय सोपा आहे आणि जवळजवळ कोणी करत नाही: प्रत्येक फाट्यावर थांबून, मागे वळून, आलो ती बाजू टॉर्चनं नीट बघून घ्यायची, फोटो काढायचा. उतरताना ती वाट ज्या दिशेनं दिसणार आहे त्या दिशेनं ती एकदा तरी पाहिलेली असली पाहिजे.

आता किती वाजता निघायचं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब मांडला, तो अजूनही कामाचा आहे: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा एका बाजूचं अंतर ६ किलोमीटर आणि चढ ६०० मीटर आहे. अंतराचे १ तास १२ मिनिटं आणि चढाचा १ तास, म्हणजे २ तास १२ मिनिटं. हा हिशेब दिवसाचा, धडधाकट माणसाचा, आणि विश्रांती न धरता. अंधारासाठी मी त्यात एक तृतीयांश भर घालतो, म्हणजे झाले जवळपास ३ तास. तुमचा नेहमीचा वेग यापेक्षा कमी असेल तर तो धरा. इथं कोणाला दाखवायचं नाहीये.

आता सूर्योदयापासून उलटं मोजायचं, पण सूर्योदयाची वेळ म्हणजे उजेडाची वेळ नव्हे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की पूर्वेला पहिली फिकट कड येते. १२ अंशांवर आला की डोंगराची धार आकाशावर स्पष्ट उमटते, पण पायाखालचं काही दिसत नाही. ६ अंशांवर आला की मोकळ्या जागी, स्वच्छ आकाशाखाली टॉर्च विझवून चालता येतं. दाट झाडीत त्याला आणखी वेळ लागतो. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात हा शेवटचा क्षण सूर्योदयाआधी साधारण २० ते २५ मिनिटं येतो, आणि ध्रुवांकडे जावं तसं हे अंतर लांबत जातं.

बहुतेक लोक शिखरावर पोचायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची धरतात. वरपर्यंत साधी मळलेली वाट असेल तर तसंच करा: ६:३० चा सूर्योदय असेल तर ३ वाजता पायथा सोडा आणि ६ ला वर पोचा. पण शेवटचा टप्पा खड्या कातळाचा, घसाऱ्याचा किंवा दोन्हीकडे दरी असलेल्या अरुंद धारेचा असेल, तर माझं मत वेगळं आहे. उजाडताना तुम्ही शिखरावर नव्हे, त्या टप्प्याच्या पायथ्याशी असायला हवं. वरच्या उदाहरणात खालपासून तिथवर अडीच तास लागत असतील तर साडेतीनच्या पुढेमागे निघा, सहाला तिथं पोचा, बसून अंगात कपडे चढवा, आणि हात-पाय दिसायला लागले की शेवटचा चढ घ्या. सूर्य उगवेल तेव्हा तुम्ही डोंगराच्या खांद्यावर असाल, माथ्यावर नाही. पन्नास-शंभर मीटर खालून सूर्योदय तोच दिसतो. शिखरावरूनच दिसला पाहिजे हा हट्ट फोटोचा असतो.

"मग गिर्यारोहक मध्यरात्री का निघतात?" असं कोणीतरी विचारतंच. त्यांचं कारण सूर्योदय नाही, ऊन आहे. रात्री बर्फ कडक गोठलेला असतो, हिमभेगांवरचे बर्फाचे पूल भार पेलतात, सैल दगड गोठून जागेवर चिकटलेले असतात. ऊन पडलं की हे सगळं सुटायला लागतं. शिवाय उन्हाळ्यात उंच डोंगरांवर ढग दुपारी चढतात आणि विजा दुपारनंतर पडतात. म्हणजे ते लवकर वर जातात ते लवकर खाली यायला. हिमनदीवर तर एकट्यानं जाण्याचा प्रश्नच येत नाही, भेगेत पडल्यावर दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. आणि २५०० मीटरच्या वर जायचं असेल तर विरळ हवेचा त्रास धरून चाला. डोकं दुखतंय, मळमळतंय, तोल जातोय, हे ओळखायला दुसरा माणूस बरोबर असावा लागतो, कारण तो त्रास ज्याला होतो त्यालाच उशिरा कळतो.

उजेडाकडे येतो. या विषयावर मला जरा जास्तच बोलता येतं, तेव्हा सांभाळून घ्या.

हेडटॉर्च सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. तिचा झोत डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे प्रत्येक दगडाची सावली त्या दगडाच्या मागे लपते आणि आपल्याला दिसत नाही. सावली नाही म्हणजे उंचसखलपणा नाही. खड्डा, पायरी, उतार, सगळं एकसारखं सपाट दिसतं. उतरताना हे फार जाणवतं. हातातली छोटी टॉर्च कमरेच्या खाली धरून तिरपी मारा, त्याच जमिनीवर लांब सावल्या पडतील आणि खाचखळगे उठून दिसतील. धुक्यातही तेच. कपाळावरच्या टॉर्चचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. ती काढून गुडघ्यापाशी धरली की निदान दोन पावलं पुढचं दिसतं. म्हणून मी जादा सेल नव्हे, जादा टॉर्च न्यायला सांगतो. ती टॉर्चही सॅकच्या तळाशी नको, खिशात हवी. मुख्य टॉर्च विझल्यावर अंधारात सॅक उपसून सेल बदलणं किती मजेचं असतं ते घरी दिवे घालवून एकदा करून बघा. चालायला १५० ते २०० ल्युमेन (टॉर्चच्या उजेडाचं माप) पुरतात. खोक्यावर लिहिलेले तास मंद उजेडाचे असतात, पूर्ण झोताचे नसतात. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, लिथियमचे जास्त टिकतात.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती जवळजवळ सगळी पाण्यात जाते. लाल उजेडानं कमी जाते, कारण मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही. पण लाल उजेड नकाशा बघायला ठीक; त्यात चालू नका, मुरूम आणि कातळ यातला फरक कळत नाही. अंधुक काही दिसत असेल तर थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघा. नजरेच्या ऐन मध्यावर या पेशी नसतात, बाजूला असतात.

चंद्राचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. "चांदण्यात जाऊ" म्हणून शुक्ल अष्टमीच्या सुमारास बेत करतात आणि तो चंद्र मध्यरात्रीच मावळलेला असतो. पहाटेला उपयोगी पडतो तो कृष्ण पक्षातला. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पहाटे चांगला डोक्यावर असतो. पौर्णिमेचा चंद्र उजेड भरपूर देतो, पण पहाटे तो पश्चिमेला झुकलेला असतो. तुमची वाट डोंगराच्या पूर्व अंगानं चढत असेल तर डोंगर स्वतःचीच सावली तुमच्यावर धरून उभा असतो. अमावस्येच्या आसपास चांदण्या अप्रतिम दिसतात, मात्र सगळी भिस्त टॉर्चवर.

वाट चुकणं हे पहाटेच्या चालण्यात धरूनच चालायचं. टॉर्चच्या उजेडात पाण्यानं खणलेली घळ मळलेल्या वाटेसारखी दिसते आणि ढोरवाट तर खऱ्या वाटेपेक्षा जास्त रुंद असते. चुकलो हे बहुतेकदा पायांना आधी कळतं. जमीन मऊ लागते, झाडी खांद्याला घासायला लागते, चेहऱ्यावर कोळ्याचं जाळं येतं. (पहाटे पहिलंच माणूस असाल तर खऱ्या वाटेवरही एखाददुसरं येईल, पण पाच-सात लागोपाठ आली तर त्या वाटेनं बरेच दिवस कोणी गेलेलं नाही.) शंका आल्यावर शंभर पावलांपेक्षा पुढे जायचं नाही. आलात तसेच, खात्री होती त्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. "इथून आडवं कापलं की वाट लागेलच" हा विचार दिवसा दहादा खरा ठरतो म्हणून रात्री करावासा वाटतो. मागे जाऊनही सापडली नाही तर बसा. हा पहाटेच्या चालण्याचा मोठा फायदा आहे, काही न करता बसून राहिलं तरी उजाडतं.

मोबाइलवर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर नेटवर्क शोधण्यात बॅटरी संपते, आणि थंडी असेल तर अंगालगतच्या खिशात ठेवा.

कपड्यांचं सांगायचं तर निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी ऊबदार वाटत असेल तर दहाव्या मिनिटाला घाम फुटणार, आणि तोच घाम वर वाऱ्यात बर्फासारखा लागणार. उंचीबरोबर तापमान सरासरी दर १००० मीटरला ६.५ अंश उतरतं. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड जड हवा घसरून खोऱ्यात साचते. त्यामुळे पायथ्याशी काकडत निघता, मध्यावर अचानक ऊब लागते आणि लोक जॅकेट काढून सॅकच्या तळाशी कोंबतात. ते वरतीच ठेवा. माथ्यावर वारा असतो, आणि दिवसाचं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा सूर्योदयाच्या आसपास असतं, म्हणजे नेमकं तुम्ही घामेजलेले, थांबलेले, फोटो काढत असता तेव्हा. सुती कपडे टाळा, आणि एक कोरडा बनियन किंवा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत न्या. वर पोचल्यावर पहिलं काम तो बदलायचा. दृश्य कुठं पळून जात नाही.

पाणी चालण्याच्या तासाला अर्धा लिटर धरा, ऊन कडक असेल तर परतीचं जास्त. थंडीत तहान लागत नाही, म्हणून ठरवून प्यायचं. खाणं जे तुमच्या पोटाला रोज चालतं तेच. पहाटे ३ वाजता पोटावर नवे प्रयोग नकोत.

आता जे कोणी मनापासून करत नाही ते. घरी सांगून जाणं. "उद्या डोंगरावर जातोय, दुपारपर्यंत येतो" हे सांगणं नव्हे. कोणता डोंगर, कोणती वाट, गाडी कुठं लावणार, किती वाजता खाली येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हे एका माणसाला लिहून द्यायचं. तो माणूस काळजी करणारा नको, वेळ पाळणारा हवा. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲरन राल्स्टन हा अमेरिकन गिर्यारोहक युटामधल्या एका अरुंद घळीत एकटा उतरला. एक मोठा दगड सरकला आणि त्याचा उजवा हात कातळात अडकला. कुठं जातोय हे त्यानं कोणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा शोध सुरू व्हायला फार उशीर झाला. पाच दिवसांनी त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. तो तगडा होता, अनुभवी होता, हुशार होता. एक निरोप मात्र कोणाकडे नव्हता. तुमच्या कागदावरचा तिसरा निर्णय, वाट न बदलण्याचा, त्याचंही कारण हेच. तुम्ही दुसऱ्या सोंडेवर असलात तर शोधणारे पहिल्या सोंडेवर हाका मारत राहतील.

शिट्टी न्या. घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. संकटाची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. टॉर्चनंही तसंच. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर तुमचं कोणीतरी ऐकलंय. तरीही वाजवत राहा, त्यांना तुमच्यापर्यंत पोचायचंय.

वर पोचलात की काय बघायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात म्हणून सांगतो. सूर्य यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेकडे बघा. क्षितिजाला टेकून एक निळसर करडा पट्टा असतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली, आणि सूर्य वर येईल तशी ती खाली बुडत जाते. सूर्य आल्यावर डोंगराची सावली पश्चिमेला पसरते, ती बहुधा त्रिकोणी दिसते, डोंगराचा माथा सपाट असला तरी. लांबवर जाताना ती निमुळती होते एवढंच. खाली ढग असतील तर त्यांच्यावर स्वतःच्या सावलीभोवती रंगीत कडं, आपलं इंद्रवज्र, दिसायची शक्यता असते. आणि पूर्वेचं क्षितिज मोकळं असेल तर आजूबाजूच्या सपाटीपेक्षा १००० मीटर उंचीवरून सूर्य पायथ्यापेक्षा साधारण चार मिनिटं आधी दिसतो. घड्याळावर विसंबून आयत्या वेळी कॅमेरा काढायला जाऊ नका.

उतरायला घाई नको. माणसं घसरतात ती जास्त करून उतरताना, आणि सकाळी त्याला आणखी एक कारण असतं, दव. गवत आणि कातळ दोन्ही त्या वेळी ओले असतात, तेही चढताना कोरडे लागलेल्या ठिकाणी. शिवाय उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ते लवकर थकतात आणि मग गुडघे लटपटायला लागतात. वर निदान अर्धा तास बसा, खा, ऊन कातळावर येऊ द्या. पावलं छोटी टाका, काठी असेल तर ती आता खरी उपयोगाची. सकाळची चढणारी माणसं भेटायला लागतील आणि वर काय दिसलं म्हणून विचारतील. बोलायचं असेल तर थांबून बोला.

पहिल्यांदा जाताना सगळं एकदम करू नका, असंही सुचवेन. एकदा त्याच डोंगरावर दुसऱ्या कोणाबरोबर अंधारात जा. मग एकट्यानं, पण फक्त पहिल्या पठारापर्यंत किंवा खिंडीपर्यंत, तिथंच सूर्योदय बघून परत. तेवढ्यात तुमचा अंधारातला वेग कळतो, कोणती टॉर्च नकोशी होते ते कळतं, आणि मागे फिरायची सवय लागते, जी शिखरापेक्षा अवघड आहे.

आणि शेवटची गोष्ट गाडीची. तीन-चार तासांची झोप, रात्रभराची चाल, वर ऊन अंगावर घेतलेलं, पोटात खाणं गेलेलं, आणि मग दीड-दोन तास स्टिअरिंगमागे. अख्ख्या बेतात मला सगळ्यात जास्त धास्ती याच भागाची वाटते, आणि नेमका तोच कोणी बेतात धरत नाही. घरी दिलेल्या परतीच्या वेळेत एक तास झोपेचा आधीच मोजून ठेवा. खाली आलात की बूट काढा, गाडी सावलीत लावा, काचा थोड्या उघड्या ठेवा, वीस-तीस मिनिटांचा गजर लावून पडा. पडण्याआधी फोन एअरप्लेन मोडमधून काढून घरी "खाली आलो" एवढं कळवा, नाहीतर तुम्ही गाडीत घोरत असाल आणि लोक दोर घेऊन डोंगर चढत असतील.